कुवेतची बलदिया आणि मतपेटी

बसऱ्याचा खजूर आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी खाल्लेला आहे. मुंबईच्या बाजारातून तो सणासुदीला घरी येई आणि मोठी माणसे तो मुलांना मोजून देत. पण बसऱ्याहून मुंबईपर्यंत हा खजूर कोणाच्या गलबतातून आला, हे आम्हाला शाळेत कोणी शिकवले नाही. पुष्कळदा ती गलबते कुवेतची असत. खजूर उतरवून ती मलबारात जात आणि तेथून सागवान, तांदूळ, मसाले घेऊन परत फिरत. आखातात निघालेले मोती विकायला कुवेतचे व्यापारी मुंबईत येत, महिनोन्महिने राहत, काहींच्या तर येथे कायमच्या पेढ्या होत्या. त्यांच्या गावात चलन होते आपला रुपया, आणि तो १९६१ सालापर्यंत चालला. १९०४ पासून तेथे जो इंग्रज पोलिटिकल एजंट बसे, तो बुशायरच्या रेसिडेंटमार्फत हिंदुस्थान सरकारला जबाबदार होता. म्हणजे नकाशावर कुवेत अरबस्तानात, पण हिशोबाच्या वहीत मुंबईला जोडलेले.

आपल्या धर्माचे लोकही तेथे होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुवेतमध्ये शंभर ते दोनशे यहुदी राहत, बहुतेक इराकी मुळाचे, आणि त्यांची स्वतःची सिनेगॉग होती. पुढे ते हळूहळू बसरा-बगदादकडे निघून गेले. सालेह आणि दाऊद अल-कुवेती हे दोघे भाऊ याच समाजातले. सालेहचा जन्म १९०८ चा, दाऊदचा १९१० चा, दोघेही कुवेतमध्ये जन्मलेले. बगदादमध्ये त्यांनी संगीतात मोठे नाव कमावले, १९५१ मध्ये अलिया केली आणि तेल अवीवच्या हतिक्वा वस्तीत दुकान चालवून पोट भरले. आपल्यातल्या ज्या कुटुंबांनी पन्नास-साठच्या दशकांतले इस्राएल पाहिले आहे, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

आज आम्ही लिहिणार आहोत ते मात्र संगीतावर नाही, निवडणुकीवर. तीसुद्धा देशाच्या मोठ्या निवडणुकीवर नाही, नगरपालिकेच्या. आपण येथे तिला इरिया म्हणतो, अरबीत बलदिया. गटारे, कचरा, बाजार, रस्ते हे तिचे काम. अशा संस्थेची निवडणूक ही किरकोळ गोष्ट मानण्याची चूक आपण नेहमी करतो. कुवेतमध्ये १९३० नंतर जे घडले ते पाहिले म्हणजे कळते की एका शहराचा कारभार कोणाच्या हातात राहणार याचा पहिला झगडा याच लहान दारातून सुरू झाला.

आधी त्या गावाची घडण समजून घेऊ. अठराव्या शतकात काही अरब घराणी येथे येऊन वसली. त्यांत सबाह घराण्याकडे राज्यकारभार आला आणि बाकीची घराणी समुद्रावर गेली. व्यापारी कमावत होते आणि शेख त्यांनी दिलेल्या जकातीवर, करांवर राज्य चालवत होता. जो पैसा देतो त्याला विचारल्याशिवाय फार काही करता येत नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. लिहिलेला करार नव्हता, पण करारच होता.

तो मोडला तर काय होते हे १९१० मध्ये दिसले. शेख मुबारक हा जबरदस्त माणूस. १८९९ मध्ये इंग्रजांशी गुप्त करार त्यानेच केला. लढायांच्या खर्चासाठी त्याने कर वाढवले आणि मोती काढण्याच्या हंगामात माणसे रोखून धरू लागला. तेव्हा हिलाल अल-मुतैरीसारखे मोत्यांचे बडे व्यापारी आपली गलबते आणि पाणबुडे घेऊन सरळ बहारीनला निघून गेले. शेखची तिजोरी हादरली. त्याने कर मागे घेतले, माणसे पाठवून मनधरणी केली, आणि मग ते एकेक करून परतले. शेतकऱ्याला आपले शेत उचलून नेता येत नाही. गलबतवाल्याला गलबत नेता येते. कुवेतच्या व्यापाऱ्याची खरी ताकद यातच होती.

१९२१ मध्ये नवा शेख गादीवर येण्याच्या वेळी व्यापाऱ्यांनी बारा जणांचे सल्लागार मंडळ मागितले आणि ते मिळालेही. शेख अहमद अल-जाबिर यांनी ते मान्य केले. पण त्या मंडळातले लोक आपापसांत भांडले, बैठका होईनाशा झाल्या, आणि ते आपोआप बुजले. निवडून न आलेल्या मंडळाला कोणी जाब विचारत नाही आणि त्यामुळे कोणी त्याच्या मदतीलाही येत नाही, असे आमचे मत आहे.

त्यानंतरची दहा वर्षे वाईट गेली. सौदी राजाने कुवेतशी होणारा वाळवंटातला व्यापार बंद पाडला, जपानमध्ये तयार केलेल्या मोत्यांनी खऱ्या मोत्यांचा भाव पाडला, त्यात जगभर मंदी आली. मुंबईच्या मोतीबाजारात जो हलकल्लोळ झाला तो आपल्या वाडवडिलांनीही ऐकला असेल. कुवेतमध्ये पाणबुड्यांची घरे कर्जात बुडाली. याच काळात युसुफ बिन इसा अल-किनाई नावाचे एक विद्वान गृहस्थ बहारीनला गेले होते. ते धर्मशास्त्राचे जाणकार, आणि कुवेतच्या पहिल्या शाळांशी त्यांचा निकटचा संबंध. बहारीनच्या मनामा शहरात नगरपालिका चाललेली त्यांनी पाहिली. स्वच्छ रस्ते पाहिले, नियम पाळणारा बाजार पाहिला. परत येऊन त्यांनी शेख अहमद यांच्यापुढे कल्पना मांडली आणि १९३० मध्ये कुवेतची बलदिया स्थापन झाली.

अध्यक्षपद शेख घराण्यातील अब्दुल्ला अल-जाबिर यांच्याकडे ठेवले गेले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पण मंडळाचे बारा सभासद निवडून यायचे होते, दर दोन वर्षांनी. मतदार म्हणजे सगळे गाव नव्हते. प्रमुख घराण्यांतले पुरुष, तेवढेच. बायका नाहीत, पाणबुडे नाहीत, नोकर नाहीत, आणि शिया पंथाचे लोक जवळजवळ नाहीत.

येथे वाचक हसतील, पण आम्हाला आपल्या मशिदींची आठवण होते. (आपले जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत, सॅम्युएल स्ट्रीटवरची १७९६ ची ती 'जुनी मशीद'.) मुकादम, गब्बाई, विश्वस्त निवडायचे तर मत कोणाला? जो वर्गणी भरतो त्याला. बाकीच्यांनी मागच्या बाकावर बसून ऐकायचे. आणि तरीसुद्धा त्या निवडणुकीत केवढी चुरस असे! कारण ज्यांच्या हातात वर्गणीचा हिशोब, त्यांच्या हातात समाज. कुवेतच्या व्यापाऱ्यांचे गणित याहून वेगळे नव्हते. त्यांनी आपल्याच मालावर, आपल्याच दुकानांवर कर बसवून घेतला आणि त्या बदल्यात सांगितले की हा पैसा कसा खर्च होतो ते आम्ही ठरवू.

मुंबईतही सुरुवात अशीच झाली होती. १८६५ नंतर आर्थर क्रॉफर्ड हा म्युनिसिपल कमिशनर होता. त्याने शहर साफ केले, बाजार बांधला, आणि पैसा पाण्यासारखा ओतला. घरपट्टी भरणारे लोक चिडून उठले. त्यांचे म्हणणे होते की कर आमचा आणि खर्च एका साहेबाच्या मर्जीने, हे चालणार नाही. फिरोजशहा मेहता तेव्हा तरुण होते आणि निवडून आलेले मंडळ हाच उपाय आहे असे त्यांनी सांगितले. त्यातून १८७२ चा कायदा आला. ६४ जणांचे कॉर्पोरेशन झाले, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे. क्रॉफर्ड मार्केटमध्ये भाजी घेताना हा इतिहास आमच्या डोक्यात कधी आला नाही, हे कबूल करतो.

कुवेतच्या बलदियाने कामे तर केली. गल्ल्या झाडल्या जाऊ लागल्या, रस्ते रुंद झाले, बाजारावर देखरेख आली, सार्वजनिक आरोग्याकडे लक्ष गेले. पण त्याहून मोठे काम वेगळेच होते. पैसा कोठून आला आणि कोठे गेला याचा हिशोब ठेवणारी गावातली ही पहिली संस्था. शेखचा स्वतःचा खजिना आणि गावाचा खजिना यांत तोवर भेद नव्हता. आता एक पेटी वेगळी झाली आणि ती उघडण्याचा हक्क बारा निवडलेल्या माणसांना मिळाला. एकदा हे पाहिल्यावर लोक दुसऱ्या पेटीकडे बघणारच.

१९३६ मध्ये व्यापाऱ्यांनी शिक्षणासाठी तोच मार्ग धरला. आयात मालावर अर्धा टक्का जादा जकात स्वतःहून मान्य केली आणि निवडलेले शिक्षण मंडळ उभे केले. शिक्षक बाहेरून आणायचे होते. ते पॅलेस्टाइनहून आले, आणि मंडळाने त्यासाठी मध्यस्थ धरला होता जेरुसलेमचा मुफ्ती हाज अमीन अल-हुसैनी. हे नाव वाचून आपले काही वाचक चमकतील. त्याच वर्षी या देशात अरबांचे बंड पेटले होते. इतिहासात अशा गाठी असतात, त्या सोयीप्रमाणे कापून टाकता येत नाहीत. शिक्षकांबरोबर नवे विचारही आले, वर्तमानपत्रे आली, आणि कुवेतच्या तरुणांना अरब राष्ट्रवादाची भाषा मिळाली.

पुढच्या वर्षभरात या दोन्ही मंडळांवरून शेख आणि व्यापारी यांच्यात उघड खटके उडू लागले. निवडून कोण येते याकडे शेख अहमद यांचे लक्ष लागले होते आणि निकाल त्यांना रुचत नव्हते. व्यापाऱ्यांना वाटे की दिलेला शब्द मागे घेतला जातो आहे. भांडण गटारांचे राहिले नव्हते.

मधल्या काळात एक नवी गोष्ट घडली होती. २३ डिसेंबर १९३४ रोजी शेख अहमद यांनी कुवेत ऑइल कंपनीला तेल शोधण्याचा हक्क दिला. सही होताच शेखना ४,७५,००० रुपये मिळाले. होय, रुपये. तेल निघाले की दर टनामागे ३ रुपये. हा पैसा व्यापाऱ्यांच्या खिशातून आलेला नव्हता. तो थेट शेखच्या नावावर आला. फेब्रुवारी १९३८ मध्ये बुर्गान येथे तेल लागले, आणि त्यानंतरच्या महिन्यांत जे काही झाले ते या एका गोष्टीच्या सावलीत झाले असे आम्ही मानतो. व्यापारी जाणते होते. उद्या शेखला आपल्या जकातीची गरज उरणार नाही हे त्यांना दिसत होते. मागायचे ते आताच मागायला हवे होते.

मार्च १९३८ मध्ये मुहम्मद अल-बर्राक नावाच्या माणसाला राज्याविरुद्ध चिथावणी दिल्याच्या आरोपावरून पकडून फटके मारले. गाव संतापले. इराकमधली वर्तमानपत्रे शेखवर तुटून पडली. तेथील राजा गाझी याला कुवेत गिळायचेच होते. इंग्रज अधिकाऱ्यांनीही शेखना सल्ला दिला की लोकांना थोडे सामावून घ्या. जूनच्या अखेरीस सुमारे दीडशे घराण्यांच्या प्रमुखांनी मतदान करून चौदा जणांचे मंडळ निवडले. बलदिया आणि शिक्षण मंडळ येथे ज्यांनी कारभाराचे धडे घेतले होते, त्यांच्यातलेच कित्येक या मंडळात आले. युसुफ बिन इसाही त्यात होते. अध्यक्ष म्हणून शेखचे चुलतभाऊ अब्दुल्ला अल-सालिम बसले. राजघराण्यातला माणूस विरोधकांच्या बाकावर! हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

या मंडळाने जुलैमध्ये पाच कलमांचा मूलभूत कायदा केला आणि शेखनी नाइलाजाने सही केली. पहिलेच कलम असे की सत्तेचा उगम लोकांत आहे आणि लोकांतर्फे निवडलेले मंडळ ती चालवील. अर्थसंकल्प, न्याय, पोलीस, शिक्षण, आरोग्य, शहर सुधारणा, करारमदार सगळे मंडळाकडे. आठ वर्षांपूर्वी जे झाडूवाल्यांचे पगार मंजूर करत होते त्यांच्यासारखे लोक आता राज्याच्या तहांवर बोट ठेवू लागले. मोत्यांवरचा कर त्यांनी रद्द केला, शाळा वाढवल्या, जकातीचा कारभार नीट केला, शेखच्या जवळच्या काही अधिकाऱ्यांना दूर केले. सहा महिन्यांत एवढे काम करणारे मंडळ आम्हाला तरी दुसरे माहीत नाही.

पण त्यांची बाजूच तेवढी मांडली तर ते अर्धे सत्य होईल. लोक म्हणजे कोण? दीडशे घराणी. शिया पंथाचे लोक, बहुतेक इराणी मुळाचे, दुकानदार आणि कारागीर, गावात हजारोंनी होते आणि मंडळात त्यांचा एकही माणूस नव्हता. नव्या मंडळाचे सगळे बोलणे अरब राष्ट्राचे. तेव्हा हे लोक घाबरले आणि हजारोंच्या संख्येने इंग्रज एजंटाकडे ब्रिटिश प्रजा म्हणून नोंद करून घेण्यासाठी अर्ज घेऊन गेले. ज्या समाजाने नेहमी दुसऱ्यांच्या गावात थोडक्या संख्येने दिवस काढले आहेत, त्याला ही भीती कळते. बहुसंख्यांचे स्वराज्य आले की पहिला प्रश्न थोड्यांच्या मनात येतो: आमचे काय? शेखनी याचा पुरेपूर उपयोग केला. शिया त्यांच्या बाजूला गेले, वाळवंटातले बेदुइन त्यांच्या बाजूला आले.

डिसेंबरात मंडळाने तेलाच्या पैशावर हात ठेवायला पाहिले आणि शेख उठले. मंडळाचे लोक नायफ किल्ल्यातल्या शस्त्रागारात जाऊन बसले, बाहेर शेखची माणसे आणि बेदुइन जमले. रक्त न सांडता ते बाहेर आले आणि मंडळ बरखास्त झाले. लगेच दुसरी निवडणूक झाली, या वेळी चारशे मतदार आणि वीस सभासद. गंमत अशी की जुनेच बहुतेक लोक पुन्हा निवडून आले. शेखनी आपल्या हाती नकाराधिकार ठेवणारी नवी घटना त्यांच्यापुढे टाकली, त्यांनी ती नाकारली, आणि मार्च १९३९ मध्ये हेही मंडळ गेले. त्या गडबडीत मुहम्मद अल-मुनैस आणि मुहम्मद अल-कतामी या दोघांचे प्राण गेले. काही सभासद वर्षानुवर्षे तुरुंगात राहिले, काही इराकला पळाले. इंग्रज बाजूला उभे राहून पाहत होते. सल्ला देणारे तेच, आणि मंडळाने करारांचे कागद मागितल्यावर थंड पडणारेही तेच.

याच वेळी, १९३७-३८ या वर्षी, मुंबईच्या कॉर्पोरेशनचे महापौर होते आपले डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर. अकरा लाखांवर वस्तीच्या शहरात काही हजारांच्या समाजातला माणूस नगरसेवकांनी एका वर्षासाठी पहिल्या खुर्चीवर बसवला. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. बसमधून 'ई. मोझेस रोड' ही पाटी आपण किती वेळा वाचली असेल! घरात वडीलमंडळी अभिमानाने सांगत आणि आम्ही तो अभिमान जसाच्या तसा उचलला. आता वय झाल्यावर दुसरी बाजूही दिसते. मुंबईच्या महापौराला मान मोठा, पण कारभाराची दोरी कमिशनरच्या हातात, आणि कमिशनर सरकार नेमणार. मतदानाचा हक्कही तेव्हा कर आणि भाडे पाहून मिळे. सगळ्या प्रौढांना तो स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या निवडणुकीत मिळाला. म्हणजे मुंबईत खुर्ची थोड्यांनाही मिळाली पण दोरी सरकारने सोडली नाही. कुवेतमध्ये थोड्यांना खुर्ची नव्हती, पण ज्यांना होती त्यांनी दोरीलाच हात घातला. दोन्ही ठिकाणी इंग्रज होते. फरक कशाने पडला? आमच्या मते मुंबईला शेवटपर्यंत करदात्यांची गरज राहिली, म्हणून भांडण वाढत वाढत कायद्यांत उतरले. कुवेतच्या शेखची ती गरजच संपली.

महायुद्धानंतर १९४६ मध्ये तेलाचे पहिले जहाज भरले आणि पैशाचा पूर आला. १९५० मध्ये शेख अहमद वारले आणि गादीवर आले तेच अब्दुल्ला अल-सालिम, १९३८ च्या मंडळाचे अध्यक्ष. गावाचा नकाशा बदलायला लंडनहून नगररचनाकार आणले, १९५२ मध्ये आराखडा झाला. जुन्या गावातली मातीची घरे सरकारने मोठ्या किमती देऊन विकत घेतली आणि लोकांना बाहेरच्या नव्या वस्त्यांत पाठवले. १९२० मध्ये लोकांनी आपल्या हातांनी बांधलेला गावकूस १९५७ मध्ये पाडला, फक्त वेशी ठेवल्या. कोणती जमीन रस्त्यात जाणार, कोणत्या जमिनीला काय भाव, बांधकामाला परवानगी कोणाला, हे प्रश्न नगरपालिकेच्या टेबलावर येत. जुनी व्यापारी घराणी यातून अफाट श्रीमंत झाली. एका पिढीपूर्वी त्यांनी पैसे देऊन हक्क मागितला होता. आता त्यांना पैसे मिळाले आणि हक्काचा आवाज बराच खाली आला. अब्दुल्ला अल-सालिम यांनी मात्र १९६१ च्या स्वातंत्र्यानंतर, ११ नोव्हेंबर १९६२ रोजी देशाला घटना दिली आणि पन्नास निवडलेल्या सभासदांची संसद दिली. तरुणपणी बसलेला तो बाक त्यांच्या मनातून गेला नव्हता असे आम्हाला वाटते. कागदावर याला पुरावा नाही, हे आमचे शिक्षकी अनुमान.

संसद आल्यावर बलदियाचे महत्त्व उतरले. आजच्या नगरपालिका मंडळात १६ सभासद असतात, १० निवडलेले आणि ६ अमीरांनी नेमलेले. कर लोक भरत नाहीत, पैसा सरकारकडून येतो. आपण येथे अर्नोनाचे बिल आले की इरियाला शिव्या घालतो, आणि त्या शिव्यांतच आपला हक्क असतो. कुवेतच्या नागरिकाला तसे बिल येत नाही.

तरी त्या जुन्या दारातून पुन्हा एकदा कोणीतरी आत शिरले. १६ मे २००५ रोजी कुवेतच्या संसदेने स्त्रियांना मतदानाचा आणि उमेदवारीचा हक्क दिला. या मागणीसाठी तेथील स्त्रिया अनेक वर्षे झगडत होत्या. १९९९ मध्ये अमीरांनी काढलेला हुकूम संसदेनेच फेटाळला होता. हक्क मिळाल्यावर संसदेची निवडणूक लांब होती. मध्येच नगरपालिकेची एक जागा रिकामी झाली आणि ४ एप्रिल २००६ रोजी सलवा भागात पोटनिवडणूक लागली. कुवेतच्या इतिहासात स्त्रियांनी मत टाकले ते पहिल्यांदा येथे, संसदेसाठी नाही, बलदियासाठी. मतदारयादीत बायकाच जास्त होत्या, कारण सैन्य आणि पोलीस यांतल्या पुरुषांना मत नाही. स्त्री-पुरुषांसाठी मतदानाच्या जागा वेगळ्या. दोन स्त्रिया उभ्या होत्या, जिनान बुशेहरी आणि खालिदा अल-खादर. निवडून आला पुरुष. पण बुशेहरी दुसऱ्या आल्या, आणि पहिल्याच खेपेला हे थोडे नव्हते. नगरपालिकेच्या कामाची माहिती असलेल्या या बाई पुढे मंत्री झाल्या आणि २०२२ मध्ये संसदेत निवडून आल्या. आणखी एक लक्षात घ्या: १९३८ मध्ये ज्या पंथाच्या लोकांना मंडळात जागा नव्हती, त्याच शिया समाजातल्या त्या आहेत.

२००९ मध्ये चार स्त्रिया एकदम संसदेत गेल्या. आणि १० मे २०२४ रोजी नव्या अमीरांनी, शेख मिशाल यांनी, संसद बरखास्त केली आणि घटनेची काही कलमे चार वर्षांपर्यंत बाजूला ठेवली. संसदेतली ती सततची भांडणे पाहून कंटाळलेले लोक कुवेतमध्ये पुष्कळ होते, हेही खरे. १९३८ चे नाव या वेळी तेथील जाणत्या लोकांच्या तोंडी आले नसेल तरच नवल.

त्यानंतर सुमारे महिन्याने, १२ जून २०२४ रोजी, मंगाफ भागात कामगारांच्या एका इमारतीला पहाटे आग लागली. पन्नासच्या आसपास माणसे गेली, त्यांत ४५ भारतीय, बरेचसे केरळचे. एकेका मजल्यावर किती माणसे कोंबायची, जिन्याचा रस्ता मोकळा आहे की नाही, इमारत कशासाठी वापरली जाते, हे पाहणे नगरपालिकेचे काम. लगेचच नगरपालिकेच्या काही अधिकाऱ्यांना कामावरून दूर करण्यात आले. कुवेतमध्ये परदेशी लोकांत सर्वांत मोठी संख्या भारतीयांची आहे, त्यांत मराठी घरेही कितीतरी. ते रस्ते बांधतात, दवाखाने चालवतात, पाण्याचे कारखाने चालवतात. बलदियाच्या मतदारयादीत त्यांच्यातले कोणी नाही, आणि १९३० च्या यादीत पाणबुडेही नव्हते.